बिनफुलांचं विमान

माझ्या खिडकीवर दोन पोपट होते आणि ते मी मागितलेले नव्हते. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, बाजारामागच्या आळीत एक खोली घेतली. खिडकीच्या झडपांचा रंग उडाला होता म्हणून समोरच्या शेडमधल्या रंगाऱ्याला सांगितलं, "यांना हिरवा रंग द्या. साधा हिरवा. बाकी काही नको." माणूस मान हलवत होता. मान हलवणं म्हणजे होकार, अशी तोवर माझी भाबडी समजूत होती. संध्याकाळी शाळेतून येऊन बघते तर दोन झडपांवर दोन पोपट, एकमेकांकडे तोंड करून बसलेले, चोचीत एकेक लालभडक मिरची.

मी तणतणत शेडमध्ये गेले. "हे काय करून ठेवलंत?"

"हिरवा दिला न्हवं, बाई? हिरवा दिला की पोपट येतोच. त्याला मी काय करू?"

हे दादामिया. उंच, वाळकुडे, दाढीला मेंदी. चष्म्याची एक काडी कधीकाळी तुटलेली, तिथं सुतळी बांधून ती कानाला गुंडाळलेली. नम्रपणा नावाची चीज त्यांच्या घराण्यात फिरकलीच नव्हती. "लोणावळ्यात कारागीर दोनच," असं ते कुणालाही सांगायचे. मग एक बोट आभाळाकडे करायचे, दुसरं स्वतःच्या छातीकडे. पहिल्या कारागिराचं नाव आधी घेतलं, एवढीच काय ती त्यांची विनयाची मजल.

ते टांगे रंगवायचे. स्टेशनाबाहेर उभा राहणारा, वलवणच्या धरणावर हवा खायला आलेल्यांना नेणारा, देवीच्या दर्शनाला निघालेल्यांना कार्ल्याला पोचवणारा, एकूण एक टांगा त्यांच्या हातून गेलेला. पाठीवर वेल, वेलीला फुलं, फुलांवर फुलपाखरं, चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर कळी, आणि एवढं करूनही बोटभर जागा उरलीच तर तिथं मासा. मासा कशाला, असं मी एकदा विचारलं. "जागा माशायेवढीच हुती," म्हणाले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मोकळी जागा म्हंजी आजारी जागा." त्यांच्या शेळीच्या शिंगांवरसुद्धा पिवळे पट्टे होते. शेळीला ते आवडत असावेत, कारण ती आळीतल्या बाकीच्या शेळ्यांशी फटकून वागायची.

प्रत्येक टांग्याला त्यांनी वेगळं फूल दिलेलं आणि टांगेवाल्यांना ते त्या फुलाच्याच नावाने ओळखायचे. "कमळ आज तापानं निजलंय." "जास्वंदाच्या बायकूला मुलगी झाली." नवी होते तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाची कुठंतरी मोठी बाग आहे.

धरणाकडच्या कुणा साहेबाने एकदा त्यांना पाटी रंगवायला दिली. 'पाण्यात उतरू नये. धोका आहे.' एवढाच मजकूर. दादामियांनी मजकूर लिहिला, अगदी शुद्ध लिहिला, कारण तो मीच त्यांना खडूने काढून दिला होता. पण त्याच्या भोवतीने त्यांनी असं काही कमळांचं तळं काढलं की लोक लांबून पाटी बघायला येऊ लागले. पाटीखाली सतरंज्या पसरून डबे उघडायला लागले. एक गृहस्थ तर असली कमळं खरंच आहेत का ते बघायला पाण्यात उतरले आणि गुडघाभर चिखल घेऊन वर आले. साहेब लालबुंद. दादामिया त्याला शांतपणे म्हणाले, "सायेब, नुसतं धोका लिवलं तर वाचतंय कोन? आता सगळी वाचत्यात." वाचत होते खरे, आणि वाचून झालं की तिथंच जेवायला बसत होते.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेनासं झालं, बंगलेवाल्यांच्या मोटारी गोणपाटाखाली गेल्या आणि टांग्यांना बरकत आली. ही लढाई टांग्यांच्या भल्यासाठीच चालली आहे असं दादामियांचं प्रामाणिक मत होतं. फक्त रंगाचे डबे बाजारातून गायब झाले, ते त्यांना पटलं नव्हतं. मग गेरू, काजळी, नीळ, पिवळी रामरज माती, जे मिळेल ते जवसाच्या तेलात घोटून ते स्वतःच रंग करायचे. आळीभर तेलाचा वास आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या राजांना त्यांनी घातलेले शेलके शब्द एकदमच यायचे.

अशात एके दिवशी वलवणच्या सोनाबाई शेडमध्ये आल्या.

सोनाबाईंची ओळख द्यायला हवी. त्यांचे यजमान मारुती टांगा चालवायचे. भाताची थोडी खाचरं होती, ती सोनाबाई बघायच्या. मारुतीचा टांगा हे दादामियांचं सगळ्यात लाडकं काम: लाल गुलाबांचा टांगा. गुलाब लोणावळ्यात दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही, कारण मारुती त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता. दसऱ्याला सगळे टांगे धुऊन, झेंडूच्या माळा घालून पुजले जायचे. एका वर्षी भावकीत सुतक आलं आणि मारुतीच्या टांग्याची पूजा राहिली. त्याच थंडीत घाटाच्या उतारावर टांगा उलटला. मारुती गेला, टांगा फुटला. दोन्हींचा काही संबंध नाही हे मी सोनाबाईंना सांगू शकले असते. पण सांगून बघा बरं तुम्ही कुणाला.

त्यांचा एकुलता मुलगा तुकाराम घोड्यापेक्षा यंत्रात रमणारा. पुण्याला कारखान्यात फिटरचं काम शिकला आणि लढाईत विमानदलात भरती झाला. आता तो आसामच्या बाजूला कुठंतरी विमानांची दुरुस्ती करत होता. त्याची कार्डं माझ्याच पत्त्यावर यायची आणि सोनाबाईंना मीच वाचून दाखवायची, म्हणून त्या दिवशीही त्यांनी मला खिडकीतून हाक मारून बोलावून घेतलं.

त्यांच्या हातात इंग्रजी वर्तमानपत्रातून फाडलेला कागद होता. तुकाराम वैशाखात रजेवर आला तेव्हा ठेवून गेलेला. त्यावर एकाच माणसाने बसायचं लढाऊ विमान, एका बाजूने काढलेला फोटो. खाली नाव होतं, 'हरिकेन'. ते मी वाचून दाखवलं.

"दादा," सोनाबाई म्हणाल्या, "मला ह्ये लाकडाचं करून पायजे. दसऱ्याच्या आत."

"काय करनार वहिनी ह्येचं?"

"पूजा."

दादामियांनी चष्मा सारखा केला.

"तुका ह्येच्यावर पोट भरतोय. म्हंजी त्याचं वाहन ह्ये. तितं त्याला झेंडूची माळ कोन घालतंय? गोरा सायेब घालतोय व्हय? एकदा पूजा चुकली, काय झालं ते तुमी बघितलंय. मला पुन्यांदा चुकवायची न्हाई."

"पण तुकाराम विमानात बसत नाही ना सोनाबाई," मी म्हटलं. "तो खाली राहून दुरुस्त करतो."

"त्योबी आसंच म्हंतो. दुरुस्त करनारा बसून बघितल्याबिगर राहतो व्हय, बाई?" "आन् दादा, हुबेहूब पायजे. काय इकडचं तिकडं झालं आन् पूजा दुसऱ्याच कुनाच्या इमानाला लागली म्हंजी?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी सोनाबाईंचं तोंड बघून हसू आलं नाही.

"करतो वहिनी," दादामिया म्हणाले. "आसं करतो की इलायतेहून बघाय येतील. पंखांवर मारुतीचे गुलाब घालतो, शेपटीवर..."

"न्हाई!" सोनाबाई इतक्या जोरात म्हणाल्या की शेळी उठून उभी राहिली. "फूल न्हाई. एकबी फूल काढायचं न्हाई. तुका म्हनला, इमान रंगवत्यातच ते दिसू नये म्हनून. वरनं दुश्मनानं बघितलं तर शेत हाय का इमान हाय ते कळाय न्हाई पायजे. माजं पोरगं कुनाला दिसता कामा न्हाई, दादा."

दादामिया माझ्याकडे वळले. "बाई, दिसू नये म्हनून रंग देत्यात? आसं आसतं?"

"असतं," मी म्हटलं.

सबंध आयुष्यात त्यांनी दिसावं म्हणूनच रंग दिला होता. "मग तितं रंगाऱ्याचं काम काय?" एवढंच ते पुटपुटले आणि कागद घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीला करमणूक झाली. पहिली अडचण पंखाची. फोटोत एकच पंख दिसत होता. मी म्हटलं, पलीकडचा अलीकडच्यासारखाच असणार. "कशावरनं?" दादामिया म्हणाले. "टांग्याला पायदान एकाच अंगाला चांगलं आसतं. मानसाला काळीज एकाच अंगाला आसतं." अधूनमधून एखादं विमान पुण्याकडे जायचं. त्याचं पोट नीट बघायला मिळावं म्हणून दादामिया सरळ स्टेशनच्या रस्त्यावर उताणे पडायला लागले. पहिल्यांदा पडले तेव्हा कमळाच्या टांग्याचा घोडा बिचकला, दोन माणसं पाणी घेऊन धावली, आणि एका म्हातारीने त्यांच्या नाकाला कांदा लावला. "बाजूला व्हा! पंख दोन्ही सारकं हायती!" असं ओरडत ते उठले. पुढं सगळ्यांना सवय झाली. टांगेवाले त्यांना वळसा घालून जायचे.

लाकूड पांगाऱ्याचं घेतलं, खेळणी करतात ते, हलकं आणि मऊ. अंग दोन फाकांत कोरलं आणि आतून पोकळ केलं, म्हणजे तडकायला नको. पंख बसवले. फटींत लांबी भरून काचकागदाने घासून घासून असं गुळगुळीत केलं की हात फिरवावासा वाटे. बसायच्या जागेवर काचेऐवजी अभ्रकाचा तुकडा आला. वलवणहून सोनाबाई दर दोन दिवसांनी तपासायला यायच्या आणि मग खरी रंगत चढायची.

"ह्या चाकाला आरं कशाला?"

"चाक म्हनलं की आरं आलंच वहिनी."

"फोटूत न्हाईत. काढा."

आरे गेले. मग त्यांना पंखामागे खालच्या अंगाला चिकटवलेली एक इवलीशी लोखंडी कडी दिसली. "आन् ह्ये काय?"

"पायदान. येवढ्या उंच चढनार कसं पोरगं?"

"फोटूत हाय?"

"फोटूत न्हाई, पन डोकं चालवावं लागतंय."

"काढा."

पायदान गेलं, पण दादामियांचा हट्ट काही गेला नाही. त्या दिवशी दुपारभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, सांगा, पायदानाबिगर चढता येतंय का? लोक म्हणायचे, न्हाई येत. हे ऐकून त्यांना जरा बरं वाटायचं.

रंगाची वेळ आली तेव्हा दोघांचं भांडण माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. फोटो काळा-पांढरा. रंग तुकारामने आईला तोंडी सांगितलेले आणि आईने ते आपल्या खाचरात बसवलेले. वरून दोन रंग: एक भात कापल्यावर उघड्या पडलेल्या मातीचा, दुसरा करवंदीच्या जुन्या पानाचा. खालून आभाळ, "पन पावसाचं न्हवं, दिवाळीतलं." दादामियांचा तपकिरी बघून त्या म्हणाल्या, ही माती वलवणची न्हवं. दुसऱ्या दिवशी पदरात ढेकूळ घेऊन आल्या. दादामियांनी ते तिथंच खलबत्त्यात कुटलं, वस्त्रगाळ केलं, तेलात घोटलं आणि तोच रंग विमानाला दिला. पंखांवर त्यांच्याच खाचराची माती बसली तेव्हा कुठं सोनाबाईंनी मान हलवली. त्यांच्या मानेचा अर्थ होकारच असायचा.

शेवटी पंखांवरच्या गोल खुणा राहिल्या. ह्या गोलांवर दादामियांनी सगळी आशा ठेवली होती. त्यात तांबडा रंग असतो हे त्यांनी कुणाकडून तरी काढून घेतलं होतं आणि त्यासाठी हिंगूळ बाजूला जपून ठेवला होता.

"तांबडा न्हाई," सोनाबाई म्हणाल्या. "मधलं तांबडं काढून टाकलं म्हनला तुका. जपान्याचा तांबडा गोळा आसतोय, म्हनून तांबडं दिसलं की आपलीच मानसं गोळ्या घालत्यात."

"तांबडाबी न्हाई?"

"न्हाई."

"वहिनी, येवढा मुगायेवढा..."

"दादा."

निळा काढला, पांढरा काढला. दादामिया मग ओट्यावर येऊन बसले आणि चहा बशीत ओतून तसाच थंड होऊ दिला. मला खरंच दया आली. एखाद्या गवयाला नुसतंच ओठ हलवायला लावावं, तसं झालं होतं त्यांचं.

विमान तयार झालं. फक्त दोन फाका सरसाने चिकटवायच्या राहिल्या होत्या. त्या दिवशी शेडचं दार आतून बंद होतं. ते दार बंद असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "सरसाला वारा लागू द्यायचा नसतो," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दसऱ्याला ते विमान फडक्यात गुंडाळून वलवणला निघाले तेव्हा त्यांच्या नखांत तांबडा रंग होता. टांग्याचा असेल असं मला वाटलं.

सोनाबाईंनी विमान पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नव्या भाताच्या लोंब्या वाहिल्या. दादामिया उंबऱ्याबाहेर बसून बघत होते. पूजा झाल्यावर सोनाबाईंनी आपट्याची पानं पहिल्यांदा त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हुबेहूब हाय, दादा." खरं सांगायचं तर विमान इतकं सुरेख, इतकं गंभीर झालं होतं की ते दादामियांनी केलंय हे सांगूनही कुणाला पटेना. जो तो विमान उलटंपालटं करून कुठं मासा दिसतो का ते बघत होता.

पुढच्या वर्षी तुकारामची कार्डं थांबली. आसामच्या बाजूला लढाई पेटल्याचं वर्तमानपत्रात येत होतं. एक महिना गेला, दुसरा गेला. सोनाबाई रोज संध्याकाळी वलवणहून चालत यायच्या, माझ्या दारात उभ्या राहायच्या, मी नाही म्हणून मान हलवायची आणि त्या परत जायच्या.

अशा एका संध्याकाळी त्या गेल्यावर दादामिया माझ्या ओट्यावर येऊन बसले. नेहमीसारखं काही टाकून बोलले नाहीत.

"बाई, माझ्या हातून एक घात झालाय."

"काय झालं?"

"त्या इमानात फुलं हायती."

मला कळेना. विमान मी स्वतः उलटंपालटं करून बघितलं होतं.

"भाईर न्हाईत. आत. सरस लावायच्या आधी काढली. मारुतीचं गुलाब. वाटलं, पोराच्या बापाचं कायतरी पोराजवळ आसावं. भाईरनं दिसत न्हाई, मग काय बिघडलं?" ते थांबले. "आन् खरं सांगू? मोकळी जागा हुती."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"वहिनीनं येवढं बजावलं हुतं. एक फूल नको म्हनली. आन् आता पोराची खबर न्हाई. काढू का फोडून? खरवडून टाकू?"

मी म्हटलं, "दादामिया, तुमच्या गुलाबांनी आसामात कुणाचं काही बिघडत नाही. ते राहू द्या." पण मघाशी म्हटलं ना, असं सांगून कुणी ऐकत नसतं. ते उठले, शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं घरी येस्तवर मी एक फूल काढनार न्हाई. कुनाचंबी."

आणि नाही काढलं. त्या पावसाळ्यानंतर जे टांगे रंगवायला आले ते नुसते पिवळे, नुसते निळे होऊन गेले. कमळाच्या टांग्यावर कमळ नव्हतं, जास्वंद बोडकी फिरत होती. टांगेवाले चिडले. रंग मिळत नाही, असं दादामिया सांगायचे. हात थकला, असं लोक आपसांत म्हणायचे. इतकी वर्षं ज्या माणसाच्या फुलांना मी नावं ठेवली, त्याच्या मोकळ्या जागा मला बघवेनात. कळस म्हणजे सोनाबाईच एकदा त्यांना रागावल्या. "दादा, आसं कसं ओ उघडंबोडकं काम? धन्यांनी बघितलं आसतं तर काय म्हनलं आसतं?" दादामिया खाली मान घालून ब्रश धूत राहिले. मी खिडकीत उभी होते. माझ्या पोपटांच्या मधूनच मला ते सगळं दिसत होतं.

दुसरा दसरा खबर न येताच गेला. सोनाबाईंनी माळ घातली. दादामिया उंबऱ्यापर्यंतही गेले नाहीत, रस्त्यावरच उभे राहिले. नंतर एकदा कुणा परक्याच्या अक्षरातलं कार्ड आलं की तुकाराम इस्पितळात आहे, हिवतापाने फार खंगला आहे. म्हणजे होता तरी. सोनाबाईंनी ते कार्ड कपाळाला लावलं. दादामियांना मी विचारलं, आता काढाल ना फुलं? "घरी येस्तवर म्हनलं हुतं," ते म्हणाले. "इस्पितळ म्हंजी घर न्हवं."

लढाई संपली. त्यानंतरच्या दसऱ्याच्या आधी तुकाराम आला. स्टेशनावर उतरला तो निम्मा होऊन, पण दोन पायांवर. नुसत्या पिवळ्या झालेल्या कमळाच्या टांग्यातून तो वलवणला गेला. मागच्या टांग्यात दादामिया आणि मी.

सोनाबाईंनी त्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, पोटभर रडून घेतलं आणि आधी विमान दाखवलं. तुकारामने ते खिडकीशी नेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं. फिटरच तो. आम्ही सगळे निकालाची वाट बघत उभे.

"झ्याक," तो म्हणाला. "रंग तर अगदी बरोबर. पन पायदान कुटं हाय?"

सोनाबाई पदर सारखा करायला लागल्या.

"ह्याला हितं, पंखामागं एक पायदान आसतंय. आत सरकून ऱ्हातं. चढताना भाईर काढायचं. ते न्हाई केलं?"

दादामियांनी सोनाबाईंकडे बघितलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या दाढीआड काहीतरी हललं.

"आन् ह्यो सांधा सुटाय लागलाय," तुकाराम म्हणाला. लोणावळ्याच्या दमट हवेत सरस धरत नाही, पोटाशी केसाएवढी फट पडली होती. "चाकू द्या. उगडून नीट बसवतो."

"राहू दे, राहू दे!" दादामिया पुढं झाले. "मी नेतो घरी. मी बसवतो."

"आवो चाचा, माझं कामच हाय ह्ये."

"तू दमून आलायंस. आज न्हाई उगडायचं. आमच्यात... आमच्यात दसऱ्याच्या आधी उगडत न्हाईत." दादामियांच्यात दसऱ्याचे नियम कधीपासून निघाले, हे तुकारामला विचारायचं सुचलं नाही. चाकू फटीत गेलाही होता. टक् असा आवाज झाला आणि दोन्ही फाका सुट्या झाल्या.

आत गुलाब होते. शेपटीपासून नाकापर्यंत, लाल, पाकळी न् पाकळी मोजावी असे, कुठंही बोटभर जागा सुटलेली नाही. रंग ऊनवाऱ्यात न गेल्याने काल काढल्यासारखे ताजे. शेपटीच्या टोकाला, जिथं काहीच मावणार नाही, तिथं एक मासा.

दादामिया चपला शोधायला लागले. "नमाजाची येळ झाली, मी निगतो."

"बसा खाली," सोनाबाई म्हणाल्या.

ते उंबऱ्यावर बसले. सोनाबाईंनी दोन्ही फाका मांडीवर घेतल्या. एका गुलाबावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. ते गुलाब त्यांनी सणावाराला किती वेळा धुतले, पुसले होते. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"दोन वरसं मी भाईरनं झेंडू वाहतीया," त्या हळू म्हणाल्या. "आत धनी बसलं हुतं. आन् मला म्हाईतच न्हाई."

तुकारामने तोंड फिरवलं. मी पदर डोळ्यांना लावला. दादामिया आपल्या चपलेकडे बघत होते.

"मला इचारलं का न्हाई, दादा?"

"इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हनला आसता."

"व्हय," सोनाबाई म्हणाल्या. "म्हनलेच आसते." मग त्यांनी दोन्ही फाका जुळवून तुकारामकडे दिल्या. "लाव परत. हाय तसं ऱ्हाऊ दे. आन् दादाला त्यांचं पायदान लावू दे."

त्या दसऱ्याला स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागली होती, पण शेडकडे तोंड करून. दादामिया सकाळपासून रात्रीचा दिवा लागेपर्यंत फुलं काढत होते. साठलेली सगळी फुलं बाहेर पडत होती. कमळाला त्यांनी इतकी कमळं काढली की घोडा कुठं आणि टांगा कुठं ते कळेना, कारण घाईत दोन पाकळ्या घोड्यावरही गेल्या.

पुढं माझी बदली झाली. निघायच्या आधी सामान भरलेली माझी पत्र्याची ट्रंक मी त्यांच्याकडे दिली. काळा रंग द्या आणि वर नुसतं नाव लिहा, म्हटलं. फुलं नकोत, वेल नको, परक्या गावी मुली हसतील. त्यांनी मान हलवली. मी आता शहाणी झाले होते, त्या मानेवर माझा विश्वास नव्हता. पण ट्रंक आली ती खरोखरच काळी कुळकुळीत, वर पांढऱ्या अक्षरात फक्त नाव. कुठंही एक ठिपका नाही. खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझं ऐकलं ते नेमकं निघताना ऐकायचं होतं का?

स्टेशनावर ते पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. ट्रंकेच्या कड्या, कुलूप, गाडीत उंदीर असतात का, असं काहीबाही बोलत राहिले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. चष्म्याची सुतळी नवी होती. नखांत हिरवा रंग होता.

नव्या गावी खोलीवर पोचून मी ट्रंकेचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतून पोपट माझ्याकडे बघत होता.